निळा गालिचा

चिठ्ठीत तिचं स्वतःचंच नाव होतं. ग्लेनिसने ती उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांशी धरली; नाव काही बदललं नाही. ओळीवरून घसरत गेलेल्या पेन्सिलीच्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘मला मिसेस हार्टलींबरोबर गालिच्यावर बसायचं आहे. टिली क्रॅबट्री, तिसरी.’ बुधवारची सकाळ, सव्वाआठ वाजलेले, शाळेत अजून पोरं यायची होती, आणि वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या लहानशा खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन ग्लेनिस बसलेली. ही खुर्ची तिनेच इथे ठेवलेली. बुटांच्या खोक्याला निळा कागद चिकटवून त्याला वरून फट पाडली होती तीही तिनेच, सहा वर्षांपूर्वी. भांडण झालं, कुणी ढकललं, कुणी टाकून बोललं, की पोराने चिठ्ठीवर समोरच्याचं नाव लिहायचं आणि खोक्यात टाकायचं. मग दोघांनी त्या निळ्या गालिच्यावर मांडी घालून समोरासमोर बसायचं आणि भिंतीवरच्या पुठ्ठ्यावरचे चार प्रश्न एकमेकांना विचारायचे. काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय होतं? कुणाला लागलं? आता काय केलं म्हणजे नीट होईल? मोठ्या माणसांनी मध्ये तोंड घालायचं नाही. बाहेरच्या मार्गिकेत मोठ्या रंगीत अक्षरांत लोकशाही, कायदा, स्वातंत्र्य, आदर असे फलक होते, ते सरकारने सगळ्याच शाळांना लावायला लावलेले. पण गालिचा फक्त या शाळेत होता. तपासनीस बाईंनी वहीत लिहून नेला होता, तीन शाळांच्या शिक्षकांनी येऊन पाहिला होता. सहा वर्षांत या खोक्यातून हजारएक चिठ्ठ्या तिने काढल्या असतील. मोठ्या माणसाचं नाव एकीतही नव्हतं. लिहायचं नाही असं कुठेच म्हटलेलं नव्हतं, फक्त तसं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काय हा आगाऊपणा, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं. दुसऱ्यांदाही तेच आलं. बाकीच्या चिठ्ठ्या तिने नीट लावल्या आणि ही मात्र कार्डिगनच्या खिशात घातली. वर रुमाल ठेवला, जणू चिठ्ठीला थंडी वाजत होती. क्रॅबट्रींची पोरगी ती. एकतीस वर्षं या शाळेत काढल्यावर माणसाला घराणीच्या घराणी पाठ होतात: कुणाचे हात चिकट, कुणाच्या घरी सकाळचं जेवण नाही, कुणाचा बाप गेटवर तावातावाने येणार. क्रॅबट्री म्हणजे खालच्या गल्लीतले, गिरणी बंद पडली तेव्हापासून तिथेच चिकटून राहिलेले, आवाज मोठा, हसणं मोठं, पोरांच्या नाकाला कायम शेंबूड. टिलीच्या आईलाही ग्लेनिसनेच शिकवलेलं. कर्स्टी. तिची आठवण येताच ग्लेनिस खुर्चीवरून उठली. उठताना गुडघा कट्कन वाजला असावा, पण तिला तो फक्त जाणवला, ऐकू आला नाही.

दिवसभर ती चिठ्ठी खिशात होती आणि दिवसभर मंगळवार डोक्यात होता. दर नोव्हेंबरात अकरा तारखेला अकरा वाजता सगळं गाव दोन मिनिटं गप्प उभं राहतं, लढाईत गेलेल्यांसाठी. आणि शाळेत त्याचा सराव करावा लागतो, कारण पाच वर्षांच्या पोराला दोन मिनिटं म्हणजे अर्धं आयुष्य वाटतं. यंदा अकरा तारीख शुक्रवारी होती आणि स्मारकावर पुष्पचक्रं ठेवायचा कार्यक्रम रविवारी; मंगळवारी सरावाला हॉलमध्ये दोनशे चाळीस पोरं उभी होती. फरशीच्या पॉलिशचा आणि उकडलेल्या कोबीचा वास होता, प्रत्येकाच्या छातीवर लाल कागदी फूल. ग्लेनिस व्यासपीठाच्या पायरीवर, नेहमीच्या जागी. गप्प उभं राहताना मान खाली घालायची आणि उजवा तळवा कानापर्यंत गालावर ठेवायचा ही तिची सवय. आईची होती, आईला तिच्या आईची. आजीचे दोन भाऊ फ्रान्समध्ये राहिले, त्यांची नावं बाजारातल्या स्मारकावर आहेत, हार्टलींच्या नव्हे, आजीच्या माहेरच्या नावाने. मिनिटभर गेलं असेल. मग तिला खुसखुस ऐकू आली. खुसखुस, मग नाकातून फुटलेलं हसू, मग पहिलीच्या अख्ख्या रांगेची हललेली डोकी. तिने मान वर केली तर पुढच्याच रांगेत टिली क्रॅबट्री सरळ तिच्याकडे बघत होती, आणि टिलीचे ओठ गोल होते. वरचे दोन दात पडल्यापासून त्या पोरीला शीळ घालता यायला लागली होती आणि आठवडाभर तिने शाळेला वीट आणला होता. मार्गिकेत शीळ, संडासात शीळ, गणिताच्या तासाला शीळ. मागून चौथीच्या बाई म्हणाल्याच, “कुणीतरी शीळ घातली.” यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

“टिली क्रॅबट्री, पुढे ये.”

“मी नाही, मिस.”

“मग कोण?”

पोरगी विचारात पडली. चुगली करू की नको असा विचार असतो तसा, खरोखरचा. मग ती म्हणाली, “तुमचा कान, मिस. तुमच्या कानातून आली शीळ.”

हॉल फुटला. दोनशे चाळीस पोरं अशी हसली की मागच्या खिडकीतली कबुतरं उडाली. ग्लेनिसने आवाज न चढवता, आपल्या सगळ्यांत थंड आवाजात सांगितलं की ज्यांनी जीव दिला त्यांच्या नावाने जिला दोन मिनिटं गप्प बसवत नाही, तिला रविवारी शाळेचं पुष्पचक्र स्मारकावर ठेवता येणार नाही. ते हन्ना ठेवेल. टिली रांगेत परत गेली. रडली नाही. पुष्पचक्रासाठी तिसरीच्या वर्गाने मत दिलं होतं, घडी घातलेल्या कागदांवर, पुठ्ठ्याच्या आडोशाला एकेकाने जाऊन, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने, अगदी मोठ्यांच्या मतदानासारखं. टिलीला सोळा मतं होती, हन्नाला अकरा. ग्लेनिसनेच ती मोजली होती. लोकशाही म्हणजे काय ते शिकवायचा तास होता तो. आणि एका वाक्यात तिने तो पुसून टाकला होता, हे मात्र बुधवारी दुपारी फळ्यावरचा भागाकार पुसताना तिच्या लक्षात आलं, आणि तिचा हात मध्येच थांबला.

घरी तिच्या नवऱ्याने, डेरेकने, बीन्स गरम केले होते आणि टोस्ट जाळला होता. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस स्वयंपाकघरातसुद्धा आरशात मागे बघून मग वळायचा. तिने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. खुर्चीच्या पाठीला कान लागला. डेरेक म्हणाला, “किटली ठेवलीयेस का गॅसवर?”

“नाही. का?”

“शिटी येतेय.” तो उठला, गॅसपाशी गेला, परत आला, तिच्या डोक्याशी वाकला. “ग्लेन, तूच वाजतेयस की! जरा पुढे हो. थांबली. टेक आता. बघ, पुन्हा सुरू!” त्याला भलतीच गंमत वाटली. “अगं, दार उघडं राहिलं की आमची बस अशीच कोकलायची.”

तो हसत होता आणि तिला त्यातली शिटी सोडून सगळं ऐकू येत होतं. सप्टेंबरात इस्पितळातल्या मुलीने कानाचं मशीन बसवताना नीट सांगितलं होतं: हे हाताने झाकलं, यावर लोकर घासली, की हे शीळ घालतं हं. तुम्हाला स्वतःला कदाचित नाही येणार ऐकू, तुमचे वरच्या पट्टीतलेच आवाज गेलेत. ग्लेनिसने मान डोलावली होती. मशीन लहानसं, केसांच्या रंगाचं; ती केस आता त्याच्यावरून विंचरायची, सकाळी आरशात दोनदा बघायची. शाळेत कुणालाही सांगितलं नव्हतं. ऐकू येत नाही म्हटलं की लोक आधी मोठ्याने बोलतात, मग हळूहळू बोलायचंच सोडतात. तिच्या आईचं तसंच झालं होतं. शेवटी कोपऱ्यात बसवून ठेवली होती त्यांनी तिला, ख्रिसमसच्या टेबलाशी, सगळे तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होते, आणि आई सगळ्यांच्या हसण्याबरोबर एक क्षण उशिरा हसत होती. ते उशिरा येणारं हसू ग्लेनिसला अजून सहन होत नाही. तिला निवृत्तीला दोन वर्षं होती आणि ती दोन वर्षं तिला उभ्याने काढायची होती, ताठ.

“काय झालं गं? एवढी का पांढरी पडलीस?” डेरेकने विचारलं.

“काही नाही. बीन्स गार होतायत.”

पण झालं होतं. आणि सगळ्यांत वाईट ते नव्हतं, वाईट ते वेगळंच होतं. हॉलमध्ये ती पोरगी ‘तुमचा कान’ म्हणाली, त्याच क्षणी ग्लेनिसला कळलं नव्हतं का? कुठेतरी खाली, जिथे माणूस स्वतःशी फार बोलत नाही तिथे, काहीतरी सटकलं होतं ना जागचं? कळलं होतं म्हणूनच तर राग एवढा आला. चूक पोरीची असती तर ती दोन शब्द बोलून मोकळी झाली असती, रोज बोलते तशी. पुष्पचक्र काढून घेतलं ते शिळेबद्दल नव्हतं, खरं बोलल्याबद्दल होतं. असल्या गोष्टी माणसाला जेवताना कळतात आणि घास तोंडातच फुगतो. तिने प्लेट सरकवली. डेरेकने आपल्या आईकडून आलेल्या कृतीचा आल्याचा केक कापून पुढे ठेवला, नोव्हेंबरातला केक, काळा, चिकट. तिने तोही खाल्ला नाही, आणि मग मात्र तो खरंच घाबरला.

या गावात माणूस दिवसाला पन्नास वेळा सॉरी म्हणतो. धक्का दुसऱ्याने मारला तरी आपणच सॉरी, दार उघडं धरलं तरी सॉरी, दुकानात सुटे मागायचे तरी आधी सॉरी. ग्लेनिस एकदा विजेच्या खांबाला सॉरी म्हणाली होती आणि डेरेकने ते वर्षभर पुरवून पुरवून वापरलं. तोंडात एवढा सॉरी असल्यावर खरा लागतो तेव्हा तो सापडत नाही, शेकडो किल्ल्यांच्या जुडग्यात घराची किल्ली सापडू नये तसं होतं. तिने पोरांना एकतीस वर्षं सॉरी म्हणायला लावलं. हिच्याकडे बघ, डोळ्यांत बघ, म्हण. नीट म्हण. आणि पोरं म्हणायची. मग तिलाच कधीतरी वाटायला लागलं की हे म्हणणं म्हणजे कोट अडकवून ठेवण्यासारखं झालंय, सवयीचं. म्हणून तर तो गालिचा. भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर चार प्रश्नांखाली तिने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती: जिथे बिघडलं तिथेच नीट करायचं. ती ओळ तेव्हा तिला फार आवडली होती. तपासनीस बाईंनाही.

आणि ती लिहिताना तिच्या मनात कोण होतं, हेही तिला त्या रात्रीपर्यंत माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. शहाण्णव साली कर्स्टी क्रॅबट्री आठ वर्षांची होती. ग्लेनिसने महिनाभर खपून पोरांकडून नदीचं मोठं चित्र करून घेतलं होतं, भिंतभर, आणि सोमवारी सकाळी त्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडलेला. शुक्रवारी शेवटी वर्गात कर्स्टी होती. मी नाही, मिस, असं कर्स्टी म्हणाली होती. मग कोण, असं ग्लेनिस म्हणाली होती. तीन आठवडे कर्स्टीला मधल्या सुट्टीत आत बसवलं. आणि चौथ्या आठवड्यात शाळेचा जुना रखवालदार सहज बोलून गेला की पाण्याचा नळ बदलताना त्याची शिडी त्या डब्याला लागली होती, सांगायचं राहूनच गेलं बाई, सॉरी हं. ग्लेनिसने ठरवलं, उद्या कर्स्टीला सांगायचं. उद्या इतर काहीतरी निघालं, मग ईस्टरची सुट्टी लागली, मग कर्स्टी वरच्या वर्गात गेली. सव्वीस वर्षं. आता कर्स्टी गेटवर बाबागाडी घेऊन उभी असते आणि ग्लेनिस आली की फोनमध्ये बघते.

गुरुवारी सकाळी ती मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेली. मिसेस मलिक अडतीस वर्षांच्या, याच गावात वाढलेल्या, टेबलावर एकाच वेळी तीन कप चहा गार करणाऱ्या. ग्लेनिसने चिठ्ठी पुढे केली. मिसेस मलिकनी वाचली आणि भुवया वर नेल्या.

“बाप रे. ग्लेनिस, तुम्ही त्या गालिच्यावर बसलात तर उठवायला आपल्याला क्रेन लागेल.”

“ती शीळ तिची नव्हती. माझी होती.” एवढं सांगायला तिला अख्खी रात्र लागली होती. मग तिने केस मागे केले. दाखवताना वाटलं की भर रस्त्यात कपडे उतरवावेत तसं काहीतरी आपण करतो आहोत.

मिसेस मलिकनी एक गार कप जवळ ओढला. मग कपातला चहा हलवत म्हणाल्या, “माझे अब्बा दोन्ही कानांत घालतात आणि अम्मी बोलायला लागली की बंद करतात.” मग गंभीर झाल्या. “हे बघा, पोरीला बोलवा, तिचं पुष्पचक्र तिला परत द्या, गुपचूप. कशाला गाजावाजा? उद्या हॉलमध्ये पालक येणार, नगरपालिकेचे लोक येणार. मोठी माणसं गालिच्यावर बसायला लागली तर उद्या प्रत्येक पोर चिठ्ठी टाकेल. माझ्या नावाने तर खोकं भरेल.”

“गालिच्यावर बसायचं की नाही ते आपण नाही ठरवायचं,” ग्लेनिस म्हणाली, आणि आपण काय म्हणालो ते तिला स्वतःलाच थोडं उशिरा ऐकू आलं. “चिठ्ठी पडली की शुक्रवारच्या आत बसायचं. नियम माझाच आहे.”

मधल्या सुट्टीत ती बसली. गुडघा वाजला, पाठ कण्हली, स्कर्ट आवरावा लागला, आणि खाली बसल्यावर जग एकदम वेगळं दिसलं: पुस्तकांची कपाटं उंच, दाराची मूठ डोक्यावर, खिडकीतून फक्त आभाळ. एवढ्या वर्षांत तिने इथून कधी पाहिलंच नव्हतं. टिली समोर मांडी घालून बसली. एका गुडघ्यावर खपली होती, ती खपली काढू नये म्हणून तिने त्यावर हात ठेवला होता. पुठ्ठ्याकडे बघत तिने पहिला प्रश्न वाचला, प्रत्येक शब्द वेगळा, रस्ता ओलांडताना बघतात तसा: “काय झालं?”

“हॉलमध्ये मला वाटलं की तू शीळ घातलीस...”

“मिस, वाटलं नाही सांगायचं. ते दुसऱ्या प्रश्नात येतं. पहिल्यात झालेलं सांगायचं.”

बरोबर होतं. तिनेच शिकवलं होतं. ग्लेनिसने पुन्हा सुरुवात केली. “माझ्या कानात मशीन आहे. ते वाजलं. मी तुझ्यावर आळ घेतला. तू खरं सांगितलंस आणि मी तुझं पुष्पचक्र काढून घेतलं.”

“हो,” टिली म्हणाली. “तेव्हा तुमच्या मनात काय होतं?”

आता या प्रश्नाला पोरं काय उत्तरं देतात? मला राग आला. मला पहिला नंबर हवा होता. त्याने माझ्या डब्याला नावं ठेवली. साधी असतात ती. ग्लेनिसने खिडकीतल्या आभाळाकडे पाहिलं. “मला भीती वाटली,” ती म्हणाली. “सगळ्यांना कळेल की मी म्हातारी झाले, म्हणून.”

टिलीने तिच्याकडे नीट पाहून घेतलं. “पण तुम्ही म्हाताऱ्याच आहात, मिस,” ती समजुतीने म्हणाली. “त्यात काय एवढं?” मग तिला आठवलं की आपलं काम राहिलंय. “कुणाला लागलं?”

“तुला.”

“आणि आईला. आई म्हणाली, ‘सोड, ती बाई तशीच आहे.’ मग ती भांडी घासायला लागली, पण भांडी घासून झालेली होती.” टिलीने खपलीवरचा हात काढला, परत ठेवला. “आणि सोळा जणांना. ज्यांनी मला मत दिलं त्यांना. त्यांची मतं वाया गेली ना.”

ग्लेनिसने तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती म्हणाली, “सॉरी, टिली.” तो शब्द निघाला आणि तिला वाटलं, सापडली किल्ली. पण टिली उठली नाही. ती पुठ्ठ्याकडे बघत होती.

“चौथा राहिला. आता काय केलं म्हणजे नीट होईल?”

“रविवारी पुष्पचक्र तूच ठेवायचंस. मी हन्नाशी बोलते.”

“हन्नाला मी सांगितलंय आधीच, तिला चालणार आहे. तिला थंडीत उभं राहायला आवडत नाही.” पोरगी घुटमळली. पुढचं बोलावं की नाही, तोच तो खरोखरचा विचार पुन्हा तिच्या चेहऱ्यावर आला. “पण मिस, खाली लिहिलंय ना. जिथे बिघडलं तिथे. ते हॉलमध्ये बिघडलं होतं. सगळे अजून मला शिट्टीवाली म्हणतात.”

ग्लेनिसला उठवायला अखेर टिलीनेच हात दिला. त्या हाताला जॅमचा वास येत होता.

शाळा सुटल्यावर ग्लेनिस गेटपाशी गेली. कर्स्टीने फोन काढलाच होता. “कर्स्टी,” ती म्हणाली, “शहाण्णव साली, त्या नदीच्या चित्रावर रंग सांडला होता. तो तू सांडला नव्हतास. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी तुला कधी सांगितलं नाही.”

चौतीस वर्षांची ती बाई बाबागाडी पुढे-मागे करत राहिली. आतलं पोर झोपलेलं होतं. “कुठला रंग, मिस? मला नाही बाई आठवत असलं काही.” तिने टिलीच्या गळ्यात मफलर गुंडाळला, जरा जास्तच घट्ट, आणि दोघी उतारावरून चालायला लागल्या. पंधरावीस पावलं गेल्यावर कर्स्टी थांबली आणि मागे वळली. “हिरवा होता,” ती म्हणाली, आणि निघून गेली.

शुक्रवारी हॉल गच्च होता. मागे पालक, खुर्च्यांवर नगरपालिकेचे दोन गृहस्थ गळ्यात पदाच्या मानाच्या साखळ्या घालून, दाराशी कोट न काढता उभी कर्स्टी. अकराला पाच मिनिटं असताना ग्लेनिस पायरीवर चढली. मिसेस मलिकनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग बुटांकडे पाहिलं. इतकी वर्षं हा हॉल तिला घराच्या ओट्याइतका ओळखीचा होता, आज मात्र ती पायरी उंच वाटली. तिला आईचं ते उशिरा येणारं हसू आठवलं. मग तिने केस कानामागे घेतले.

“मंगळवारी इथे शीळ वाजली,” ती म्हणाली. “ती यातून वाजली. मला कमी ऐकू येतं, म्हणून हे लावते. टिलीने ते सांगितलं, आणि खरं सांगितलं म्हणून मी तिला तुमच्यासमोर खोटं ठरवलं. तिचं पुष्पचक्र काढून घेतलं. तिला ते तिच्या वर्गाने दिलं होतं, ते काढायचा मला हक्क नव्हता. मी चुकले. टिली, मी तुझी माफी मागते. इथे, सगळ्यांसमोर.”

कुणी हसलं नाही. पहिलीतल्या एका पोराने मोठ्याने विचारलं, “ते दुखतं का?” आणि ती म्हणाली, “नाही रे, फक्त गुदगुल्या होतात.” तेव्हा थोडे हसले, मोठी माणसंसुद्धा, आणि त्या हसण्यात ती सगळ्यांबरोबरच हसली. मग तिच्या लक्षात आलं की घड्याळ अकराकडे सरकतंय आणि मशीन अजून कानात आहे. ते पुन्हा वाजलं तर? तिने ते काढलं आणि मुठीत धरलं. डाव्या कानाने तर ऐकणं कधीचंच सोडलेलं. हॉल एकदम लांब गेला, काचेपलीकडे गेला. तिने वाकून पुढच्या रांगेला म्हटलं, “टिली, दोन मिनिटं संपली की मला सांगशील? मला घंटा ऐकू येणार नाही.” टिलीने मान डोलावली, पोलिसासारखी.

मिसेस मलिकचा हात खाली आला. शांतता झाली असावी. ग्लेनिसची मान सवयीने खाली जायला लागली, तळवा गालाकडे उठला. मग तिने दोन्ही थांबवलं. सांगणाऱ्याकडे बघायला नको का? म्हणून ती बघत राहिली. इतक्या वर्षांत मान खाली घालून तिने ही दोन मिनिटं पाळली होती आणि त्यात पोरं कशी दिसतात ते तिला माहीतच नव्हतं. एकाने नाकात बोट घातलं होतं, अतिशय आदराने. एक जण ओठ हलवत आकडे मोजत होता. हन्नाने डोळे इतके घट्ट मिटले होते की कपाळ थरथरत होतं. मागे दाराशी कर्स्टीने कोटाची बटणं सोडली होती आणि ती फोनकडे बघत नव्हती. साखळीवाल्या एका गृहस्थांचा घसा हलला, खोकला आवरला असेल. स्मारकावरच्या त्या दोघा भावांना आजी कशी हाक मारायची, ते तिला आठवेना. कुणी सांगितलं असेलही, तेव्हा नीट ऐकलं नसेल. ऐकू येत होतं तेव्हा तरी आपण काय काय ऐकलं, असं तिला वाटून गेलं, आणि त्याचं वाईट वाटलं, साधं, स्वच्छ वाईट. मग तिने टिलीकडे पाहिलं. टिलीची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती, पापणी न लवता. आणि तिने आपले ओठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत गच्च धरून ठेवले होते. चुकून दातांच्या फटीतून शीळ निघू नये म्हणून. बोटांची नखं पांढरी पडली होती. दोन मिनिटं तिने ती चिमूट सोडली नाही, आणि तेवढी दोन मिनिटं ग्लेनिसनेही तिच्यावरची नजर काढली नाही.

मग टिलीने ओठ सोडले. ते लाल झाले होते. ती एक पाऊल पुढे आली, ग्लेनिसची बाही ओढली, आणि तिच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, “मिस, झालं.”